हॉपी आयपीए चाखायची कशी: कॅनच्या बुडापासून शेवटच्या घोटापर्यंत

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सची बिअर. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं. आयपीएचा कॅन हातात आला की आधी उलटा करून त्याचं बूड पाहा. नाव, चित्र, अल्कोहोलचा आकडा हे सगळं नंतर. बुडावर किंवा बाटलीच्या मानेवर छापलेली भरल्याची तारीख ही त्या बिअरबद्दलची सगळ्यात कामाची माहिती असते, कारण हॉप्सचा वास हा नाशवंत माल आहे. नावाजलेल्या ब्रुअरीची, पण सहा महिने उबदार फळीवर उभी राहिलेली आयपीए बेताच्या ब्रुअरीच्या तीन आठवड्यांच्या आयपीएपुढे सपशेल हरते. चाखणाऱ्याला मात्र वाटत राहतं की आपल्याच जिभेला काही कळत नाही.

तारीख वाचताना एक घोळ होतो. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे भरल्याची तारीख नव्हे. ब्रुअरी ती सहा महिन्यांनी पुढची टाकते, नऊ महिन्यांनी किंवा वर्षानंही टाकते. त्यावरून बिअर किती जुनी आहे ते कळत नाही. काही ठिकाणी तारखेऐवजी वर्षातला दिवस छापतात. ०४५ असं दिसलं तर वर्षाचा पंचेचाळिसावा दिवस, म्हणजे १४ फेब्रुवारी. भरल्याची तारीख कुठेच नसेल आणि कॅन फ्रिजमध्ये नसून उघड्या फळीवर असेल, तर दुसरी बिअर उचललेली बरी.

किती जुनी चालेल? गढूळ, फळांच्या वासाची हेझी आयपीए चार ते सहा आठवड्यांत संपवावी. कोरडी, स्वच्छ वेस्ट कोस्ट पद्धतीची आयपीए सतत थंड राहिली असेल तर तीन महिन्यांपर्यंत तग धरते. डबल आयपीएत अल्कोहोल जास्त म्हणून ती मुरवत ठेवावी, हा गैरसमज आहे. मुरवायच्या बिअर वेगळ्या, बार्लीवाइन किंवा इम्पीरियल स्टाउटसारख्या. डबल आयपीए मुरवली तर हॉप्स निघून जातात आणि मागे गोडसर, मधाळ, जड द्रव उरतो.

घरी आणल्यावर बिअर थेट फ्रिजमध्ये, ३–४ अंश सेल्सिअसला, उभी ठेवायची. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो. गाडीच्या डिकीत उन्हात राहिलेल्या एका दुपारचं नुकसान नंतर कितीही थंड केलं तरी भरून येत नाही.

कडू एक, सुगंधी दुसरं

चाखायला बसण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की असावी. हॉप्स बिअरला कडवटपणाही देतात आणि सुगंधही, पण ही दोन कामं वेगवेगळे घटक वेगवेगळ्या वेळी करतात.

हॉप म्हणजे एका वेलीच्या मादी फुलांचे बोंडासारखे हिरवे कोन. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते. तिला ल्युप्युलिन म्हणतात. त्यात अल्फा आम्लं असतात आणि सुगंधी तेलं असतात. अल्फा आम्लं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. तासभर उकळल्यावर त्यांची रचना बदलते, ती विरघळतात आणि कडू होतात. पण तासभर उकळलं की तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून ब्रुअर कडवटपणासाठीचे हॉप्स उकळीच्या सुरुवातीला घालतो आणि वासासाठीचे अगदी शेवटी, आच बंद केल्यावर किंवा आंबवण्याच्या टाकीत थेट कोरडेच. या शेवटच्या प्रकाराला ड्राय हॉपिंग म्हणतात. टाकीत उकळी नसते, त्यामुळे वास भरपूर उतरतो आणि कडवटपणा त्या मानाने थोडाच. लिटरला १५ ग्रॅम हॉप्स घातलेली हेझी आयपीए लिटरला ४ ग्रॅम घातलेल्या जुन्या धाटणीच्या आयपीएपेक्षा कमी कडू लागते, ती याचमुळे. ‘खूप हॉप्स म्हणजे खूप कडू’ हे समीकरण इथेच मोडतं.

लेबलवर आयबीयू नावाचा आकडा कधी कधी असतो. एक आयबीयू म्हणजे साधारण एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम कडू आयसो-अल्फा आम्ल. आकडा खरा असला तरी जिभेला तो एकटा भेटत नाही. ४० आयबीयूची हलकी, कोरडी बिअर ६५ आयबीयूच्या माल्टी (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, जोर असलेल्या), गोडसर बिअरपेक्षा जास्त बोचू शकते, कारण उरलेली साखर कडवटपणा झाकते. पाण्यातले क्षारही खेळ करतात. सल्फेट जास्त असेल तर कडवटपणा टोकदार आणि शेवट कोरडा लागतो, क्लोराइड जास्त असेल तर सगळं मऊ, गोलसर. तेव्हा आयबीयूकडे एक नजर टाका आणि विसरा.

कोणती आयपीए समोर आहे

नावात ‘इंडिया’ आहे, पण ही बिअर घडली इंग्लंडमध्ये. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या पूर्वेकडील बो इथली हॉजसन यांची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना फिकी, भरपूर हॉप्सची एल पुरवत असे. १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या ऑलसप यांनी तिला टक्कर दिली. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणजेच सल्फेट भरपूर, म्हणून तिथली बिअर जास्त कोरडी आणि चरचरीत निघाली. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या चार ते सहा महिन्यांच्या प्रवासात टिकावी म्हणून कुणीतरी ही बिअर मुद्दाम शोधून काढली, ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण खरी नाही. पोर्टर नावाची गडद बिअरही तोच प्रवास करून सुखरूप पोचत होती. जास्त हॉप्स घातल्याने बिअर टिकते हे ब्रुअरना आधीपासून माहीत होतं, इतकंच.

आजची हॉपी आयपीए मात्र अमेरिकेची. १९७२ मध्ये कॅस्केड ही हॉपची जात बाजारात आली आणि १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने लिबर्टी एलमध्ये ती वापरली. ग्रेपफ्रूटच्या सालीचा तो वास बिअरमध्ये नवा होता. पुढचं सगळं त्याच्या मागे आलं.

चाखताना प्रकार माहीत असावा, नाहीतर एका प्रकारचा गुण दुसऱ्याचा दोष वाटतो. इंग्लिश आयपीए ५ ते ७.५ टक्के अल्कोहोलची, माल्टमध्ये बिस्किटाची आठवण देणारी. हॉप्सचा वास मातीसारखा, फुलांसारखा, कोऱ्या चहाच्या जवळचा. अमेरिकन आयपीए ५.५ ते ७.५ टक्के, कडवटपणा ४० ते ७० आयबीयू. तिच्यातली वेस्ट कोस्ट धाटणी म्हणजे आरपार दिसणारी, कोरडी, पाइनचा चीक आणि संत्र्या-ग्रेपफ्रूटची साल. हेझी किंवा न्यू इंग्लंड आयपीए अमेरिकेच्या ईशान्येकडून, व्हरमाँटकडून आली. ओट्स आणि गव्हामुळे गढूळ, तोंडात मऊ, आंबा-पीच-पॅशनफ्रूटचा दरवळ आणि कडवटपणा आवरलेला. अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने २०१८ मध्ये तिला अधिकृत प्रकारांच्या यादीत घेतलं. डबल आयपीए ७.५ ते १० टक्के. सेशन आयपीए साधारण ५ टक्क्यांच्या आत. ब्लॅक आयपीएत भाजक्या माल्टचा हलका स्पर्श असतो, स्टाउटसारखी जळकी कॉफी आली तर ती जमलेली नाही. बाकी ब्रूट, कोल्ड, रेड, व्हाइट वगैरे पुष्कळ आहेत. ते सुरुवातीला बाजूला ठेवले तरी काही बिघडत नाही.

ग्लास आणि तापमान

कॅनमधून थेट पिणं म्हणजे वासाचं दार बंद करून चव शोधणं. ट्यूलिप आकाराचा, वर किंचित आत वळलेला ग्लास उत्तम. तो नसेल तर वाइनचा साधा ग्लास चालतो, आणि सरळ पिंट ग्लासपेक्षा बराच सरस ठरतो. ग्लास ३५०–४०० मिलिलिटरचा असावा आणि त्यात चाखण्यापुरती १२०–१५० मिलिलिटर बिअर ओतावी, म्हणजे वर वास साठायला जागा राहते.

ग्लास स्वच्छ दिसणं आणि स्वच्छ असणं यात फरक आहे. साबणाचा किंवा तेलकट हातांचा पातळ थर फेस मारतो. तपासायचं तर ग्लास पाण्यात बुडवून उलटा धरा. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर ठीक, थेंब-थेंब चिकटून राहिले तर चिकटपणा शिल्लक आहे. ओतल्यावरही कळतं. बिअरच्या आत काचेला बुडबुडे चिकटलेले दिसले की तिथे घाण आहे. बिअरचे ग्लास वेगळ्या घासणीने, कमी साबणाने धुवावेत, भरपूर पाण्याने खळबळावेत आणि फडक्याने न पुसता पालथे घालून वाळवावेत. फडक्याचा धागा आणि वास दोन्ही काचेला लागतात.

फ्रीझरमध्ये गोठवलेला ग्लास दिसायला झकास, चाखायला वाईट. बर्फाची भुकटी बिअर पातळ करते, फेस एकदम उसळतो आणि थंडीने वास मिटून बसतो. ओतण्यापूर्वी ग्लास साध्या थंड पाण्याने विसळून झटकला तर फेस आवरलेला राहतो.

चाखण्यासाठी ७ ते १० अंश हे ठीक तापमान. डबल आयपीए १० ते १२ पर्यंत चालते. ४ अंशांच्या फ्रिजमधून काढून न उघडता १०–१५ मिनिटं बाहेर ठेवली की बहुतेक वेळा काम होतं. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर एकदा मोजून बघा. नंतर ग्लास तळहातात धरूनच अंदाज येतो.

जागेचं म्हणाल तर अत्तर, उदबत्ती, सिगरेट, फोडणी यांपैकी काही जवळपास नको. चाखण्याआधी अर्धा तास कॉफी, पुदिन्याची गोळी, टूथपेस्ट नको. हातांच्या साबणाचा वास ग्लासच्या कडेपर्यंत पोचतो, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

ओतणं आणि बघणं

ग्लास ४५ अंशांत तिरका धरून निम्म्यापर्यंत ओता, मग सरळ करून मधोमध ओता. वर दोन-तीन सेंटिमीटर फेस यायला हवा. फेस टाळत काठोकाठ भरणाऱ्याला वाटतं आपण हुशारी केली. प्रत्यक्षात फुटणारे बुडबुडेच सुगंध वर आणतात, आणि फेस नाही म्हणजे जास्तीचा वायू बिअरमध्येच राहून पोटात जातो.

बाटलीत तळाशी यीस्टचा थर असेल आणि बिअर स्वच्छ प्रकारची असेल, तर शेवटचा बोटभर भाग बाटलीतच सोडा. हेझीचं उलट आहे. कॅन फार दिवस उभा असेल तर उघडण्याआधी एकदा हळूच आडवा-उभा करा, हलवू नका. हलवला तर छताला अभिषेक.

ओतल्याबरोबर पहिला वास घ्या, बघणं नंतर. सगळ्यात चंचल सुगंध पहिल्या मिनिटातच जातात. मग पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहा. वेस्ट कोस्ट फिकट सोनेरी ते तांबूस आणि स्वच्छ हवी. हेझी संत्र्याच्या रसासारखी अपारदर्शक चालते, पण तिच्यात तरंगणारे तुकडे किंवा तळाशी हिरवट गाळ ही शोभा नव्हे. ती करडी, जांभळट किंवा मळकट तपकिरी दिसली तर तिला ऑक्सिजन लागला आहे. पुढे चव काय येणार ते इथेच कळतं. पिताना काचेवर फेसाची जाळी उरते का तेही पाहा. माल्टची प्रथिनं आणि हॉप्सची कडू आम्लं मिळून ती विणतात.

वास: इथे घाई नको

आयपीएची निम्मी-अधिक मजा नाकात आहे, तेव्हा इथे वेळ घालवा. क्रम असा ठेवा.

ग्लास नाकाखालून एकदा नुसता फिरवा, न थांबता. जे सहज कळलं ते मनात नोंदवा. मग नाक कडेशी नेऊन दोन-तीन छोटे, झटपट हुंगे घ्या, कुत्रा हुंगतो तसे. मग ग्लास टेबलावर ठेवूनच गोल फिरवा, वर तळहात झाकून पाच सेकंद थांबा, हात काढा आणि एक लांब श्वास घ्या. तिन्ही वेळा सारखंच कळेल असं नाही, आणि तीच गंमत आहे.

नाक फार लवकर सरावतं. चौथ्या-पाचव्या हुंग्याला काहीच येईनासं होतं. अशा वेळी ग्लास बाजूला ठेवून स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या. ज्या वासाची नाकाला कायमची सवय आहे, तो त्याला मूळ जागी आणतो.

शब्द सापडत नाहीत ही सगळ्यांची तक्रार. युक्ती अशी की मोठ्या कप्प्यापासून सुरू करा. फळ आहे, झाड आहे, फूल आहे, की मसाला? फळ असेल तर लिंबूवर्गीय, उष्ण कटिबंधातलं, की पीच-जर्दाळूसारखं दगडी बियांचं? लिंबूवर्गीय असेल तर रस, साल, की सालीखालचा पांढरा भाग? इतकं विचारत गेलं की ‘हॉपी वास’ हा निरुपयोगी शब्द आपोआप ‘मोसंबीची साल नखाने खरवडल्यावर येतो तो’ इथवर येतो. ही साल, पिकलेला आंबा, ताजं कापलेलं गवत, मिरपूड असं चार वाट्यांत ठेवून बिअरबरोबर आलटून पालटून हुंगा. तासाभरात नाक किती तयार होतं ते पाहून नवल वाटेल.

वासांमागे नेमके पदार्थ आहेत. मायर्सीन हे तेल हिरवट, राळेसारखं. लिनॅलूल फुलांचं, जिरॅनिऑल गुलाबाकडे झुकणारं. पॅशनफ्रूट, ग्रेपफ्रूट, ब्लॅककरंट हे बहुतांशी थायॉल नावाच्या गंधकयुक्त पदार्थांचं देणं. त्यांतले काही लिटरला काही नॅनोग्रॅम इतक्या नगण्य प्रमाणातही नाकाला कळतात. गंधक असल्यामुळेच आंबा आणि कांदा हे शेजारी निघतात. काही आयपीएत कांद्या-लसणाची झाक येते ती हॉपच्या जातीची आणि तोडणीच्या वेळेची करणी. उशिरा तोडलेल्या हॉप्समध्ये ती वाढते.

लेबलवर हॉप्सची नावं असतील तर ती आधी वाचू नका. वास लिहून झाल्यावर ताडून पाहा. कॅस्केड म्हणजे ग्रेपफ्रूट आणि फुलं. चिनूक पाइन आणि राळ. सिमको पाइन, ओली माती आणि मागून पॅशनफ्रूट. सिट्रा लिंबू, आंबा, लिची. मोझॅइक ब्लूबेरी आणि पिकलेली फळं. अमारिलो संत्रं. ऑस्ट्रेलियाची गॅलक्सी पॅशनफ्रूट आणि पीच. न्यूझीलंडची नेल्सन सोविन पांढऱ्या वाइनची द्राक्षं. साब्रो खोबरं, आणि एकदा ओळखला की हा वास कधीच चुकत नाही. ईस्ट केंट गोल्डिंग्ज मध, फुलं, चहा. हे ठोकताळे आहेत. पीक, मळा आणि यीस्ट बदललं की वासही सरकतो.

घोट

पहिला घोट फक्त तोंड जुळवून घेण्यासाठी. त्यावर मत बनवू नका. दुसरा घोट १५–२० मिलिलिटरचा, जिभेवर सगळीकडे फिरवून तीन-चार सेकंद धरलेला. मग गिळा, तोंड मिटलेलंच ठेवा आणि नाकाने हळू श्वास सोडा. घशाकडून नाकात जाणारा हा वास बाहेरून घेतलेल्या वासापेक्षा वेगळा असतो. बाहेरून नुसता आंबा होता, तिथे आतून राळ निघते. वाइनसारखं थुंकून चाखणं बिअरमध्ये सहसा करत नाहीत, कारण कडवटपणाचा शेवट गिळल्यावरच पुरता कळतो. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा जो नकाशा शाळेत शिकवतात तो चुकीचा आहे. कडू चव सगळ्या जिभेवर कळते, मागे जराशी ठळक.

आता थांबा. घड्याळ लावून ३० सेकंद काही पिऊ नका. कडवटपणा उशिरा चढतो आणि उशिरा उतरतो. चांगल्या वेस्ट कोस्ट आयपीएत तो झपकन येतो, स्वच्छ असतो आणि मागे पुढच्या घोटाची ओढ सोडून जातो. वाईट आयपीएत तो जिभेच्या मुळाशी ॲस्पिरिनच्या गोळीसारखा चिकटून बसतो. किती कडू यापेक्षा कसा कडू, हे या अर्ध्या मिनिटात ठरतं.

कडू आणि तुरट यांची गल्लत नको. कडू ही चव आहे, तुरट हा स्पर्श. खूप वेळ उकळलेल्या कोऱ्या चहाने हिरड्या आवळल्यासारख्या होतात, तो तुरटपणा. हॉप्सच्या पानाफुलांतले पॉलिफेनॉल तो आणतात. अगदी ताज्या, नुकत्याच भरलेल्या हेझीत घशाला खरखर लागते, तिला हॉप बर्न म्हणतात. हॉप्सचे सूक्ष्म कण अजून तरंगत असतात. असा कॅन हाती आला तर उरलेले कॅन एक-दोन आठवडे फ्रिजमध्ये उभे ठेवा, कण खाली बसतात. ताज्याचा आग्रह धरताना अतिताजंही असतं हे लक्षात असू द्या.

शेवटी अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा जडपणा, पाहा. वेस्ट कोस्ट पाण्याच्या जवळ, हेझी मलईकडे झुकणारी, पण सिरपसारखी कुणीच नको. डबल आयपीएत अल्कोहोलची हलकी ऊब चालते, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा भपका चालत नाही. यीस्टने जास्त उष्णतेत काम केल्याची ती खूण.

बिघडलेली कशी ओळखायची

ओल्या पुठ्ठ्याचा वास किंवा हॉप्सच्या जागी मध आणि टॉफी: ऑक्सिजन आणि वय. जळक्या रबराचा, स्कंक नावाच्या अमेरिकी प्राण्याच्या फवाऱ्याशी तुलना केला जाणारा वास: उजेड. प्रकाशात कडू आम्लं तुटून गंधकाशी जुळतात आणि हा पदार्थ तयार होतो. कॅनला ही भीती नाही, तपकिरी बाटली बराच बचाव करते, हिरवी आणि पारदर्शक जवळजवळ नाहीच. सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नवरचं लोणी: डायअसिटिल, म्हणजे आंबवताना तयार होणारा एक पदार्थ. ड्राय हॉपिंगनंतर हॉप्समधली एन्झाइम्स उरलेल्या पिठूळ साखरा तोडतात, यीस्ट पुन्हा जागं होतं, आणि ब्रुअरने घाईने बिअर थंड केली तर हे लोणी मागे राहतं. थंड असताना लपतं, ग्लास हातात गरम केला की वर येतं. उकडलेला मका: डीएमएस नावाचा गंधकयुक्त पदार्थ, उकळण्यातली कसर. घामट मोज्यांचा, जुन्या चीजचा वास: हॉप्सच जुने होते. व्हिनेगरसारखं आंबट: जंतू, किंवा बारमधला बिअरचा नळ साफ नाही. नळाची बिअर खराब लागली आणि तीच कॅनमधून चांगली लागली, तर दोष ब्रुअरीचा धरू नये.

तीन सराव

उजेडाचा सराव सगळ्यात सोपा आणि सगळ्यात धक्कादायक. एकाच कॅनमधली बिअर दोन पारदर्शक ग्लासांत ओता. दोन्हींवर बशी झाका. एक ग्लास ॲल्युमिनियम फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळा. दोन्ही शेजारी-शेजारी थेट उन्हात १५ मिनिटं ठेवा. फॉइल कशाला? दोन्ही सारखेच तापावेत आणि फरक फक्त उजेडाचा राहावा म्हणून. मग दोन्ही हुंगा. पुन्हा कधी ग्लास घेऊन उन्हात गप्पा मारत बसणार नाही.

दुसरा, तीन ग्लासांचा. दोघांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. दुसऱ्या कुणाला ओतायला सांगा, खाली खुणा करून ग्लासांची जागा बदलायला सांगा. वेगळा ग्लास ओळखा. एकाच ब्रुअरीची ताजी आणि तीन महिने जुनी आयपीए घेतली तर उत्तम. ‘मला फरक कळतो’ म्हणणाऱ्यांची इथे हवा निघते. नुसत्या अंदाजानेही तीनदा एकदा उत्तर बरोबर येतं, म्हणून किमान सहा वेळा करा.

तिसरा, एक हॉप ओळखण्याचा. ३३० मिलिलिटरची साधी, सौम्य लागर उघडून तिच्यात एका जातीच्या हॉप पेलेटचा (हॉप्स दाबून केलेल्या गोळ्यांचा) एक ग्रॅम टाका आणि झाकण पुन्हा घट्ट बसवा. क्राउन कॅप बसवायचं यंत्र नसेल तर स्प्रिंगचं झाकण असलेली बाटली घ्या. पेलेट पडताच फेस उसळतो, म्हणून बाटली आधी खूप थंड करा, बेसिनमध्ये धरा, झाकण हातात तयार ठेवा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस ठेवून गाळणीतून ओता. चार बाटल्यांत चार जाती केल्या की लेबलवरची नावं नाकाला पाठ होतात. घरात कुत्रा असेल तर पेलेट आणि गाळलेला चोथा त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी व्यवस्था करा. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, ताप जिवावर बेतेल इतका चढतो.

किती आणि कोणत्या क्रमाने

एका बैठकीत चार, फार तर पाच नमुने. त्यापुढे जीभ कडवटपणाने बधिर होते आणि नाक अल्कोहोलने. क्रम सौम्याकडून तीव्राकडे: सेशन, इंग्लिश, हेझी, वेस्ट कोस्ट, डबल. हेझी वेस्ट कोस्टच्या आधी, कारण तीव्र कडवटपणानंतर मऊ फळं फिकी पडतात. मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाचा पाव.

अल्कोहोलचा हिशेबही करा. १२० मिलिलिटरचे चार नमुने, सरासरी ७ टक्के, म्हणजे ४८० मिलिलिटरमध्ये सुमारे ३४ मिलिलिटर, वजनात २६–२७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. नमुने छोटे दिसतात, बेरीज छोटी नसते. गाडी चालवायची असेल त्या दिवशी हा कार्यक्रमच नको.

खाण्याबरोबर घेताना मीठ हा मोठा खेळाडू आहे, कारण मीठ कडवटपणा दाबतं. एक घोट घ्या, जिभेवर मिठाचे चार कण ठेवा, पुन्हा घोट घ्या. फळं एकदम पुढे येतात. म्हणून खारवलेले दाणे, जुनं चेडर, तळलेले खारे पदार्थ आयपीएला जुळतात, शिवाय कडवटपणा तेलकट तोंड पुसून काढतो. तिखटाचं मात्र जपून. कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीची आग वाढवतात. ज्यांना ती आवडते त्यांची गोष्ट वेगळी, बाकीच्यांनी हेझी घ्यावी, वेस्ट कोस्ट नको.

नोंद ठेवायची तर पाच ओळी पुरतात, पण भरल्यापासूनचे दिवस आणि तापमान त्यात हवेतच, नाहीतर सहा महिन्यांनी ती नोंद वाचून काही उमगत नाही. उदाहरणार्थ: “वेस्ट कोस्ट, ६.८ टक्के, कॅन, भरून २३ दिवस, फ्रिजमधला, ९ अंश. ओतताना ग्रेपफ्रूटची साल, फिरवल्यावर पाइन, झाकून काढल्यावर थोडा कांदा. कडवटपणा झटकन, २० सेकंदांत ओसरला, हिरड्या आवळल्या नाहीत. १४ अंशांना लोण्याची शंका, दुसऱ्या कॅनमध्ये तपासणे. लेबल: चिनूक, सिमको. सिमको हुकला.”